जुन्या वस्तू ऑनलाइन विकताना होणारी फसवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा, लॅपटॉप, ड्रिल मशीन, पाण्याची मोटर, स्पीकर, दुचाकी. वापरलेली वस्तू ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की खऱ्या गिऱ्हाइकांबरोबर भामट्यांचेही फोन सुरू होतात. विकणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून गुंतागुंतीच्या प्रश्नांपर्यंत. पैसे आत्ताच गेले असतील तर बाकी सगळं सोडा आणि थेट प्रश्न १५ वर जा.

१. पैसे घेण्यासाठी मला यूपीआय पिन टाकावा लागतो का?

नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला, शिल्लक बघायला आणि ऑटोपेसारखी (ठरलेल्या वेळी आपोआप पैसे कापण्याची) परवानगी द्यायला. समोरच्याने तुमच्या यूपीआय आयडीवर किंवा नंबरवर पैसे टाकले की ते आपोआप खात्यात येतात. तुम्हाला फोन हातात घ्यायचीसुद्धा गरज नसते.

"पिन मागितला नाही, म्हणजे धोका नाही" असा उलटा अर्थ मात्र काढू नका. यूपीआय लाइट (छोट्या रकमा पिनशिवाय देण्याची सोय) सुरू असेल तर १,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते. काही ॲपमध्ये आता पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो, त्यामुळे नेहमीच्या सवयीने बोट टेकवलं तरी पैसे जाऊ शकतात. पिन, ठसा, चेहरा किंवा एखादं बटण, यातलं काहीही तुमच्याकडून करून घेतलं जात असेल तर पैसे तुमच्या खात्यातून निघताहेत असंच समजा.

२. घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवलाय. "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणतो. करू का?

करू नका. क्यूआर कोड स्कॅन करणारा पैसे देतो. दुकानात तुम्ही स्कॅन करता तेव्हा पैसे दुकानदाराला मिळतात, इथेही तसंच होतं. भामटा त्या कोडच्या चित्रावर "रिसीव्ह १८,०००" असं लिहून पाठवतो. ते अक्षर त्याने चित्र बनवताना घातलेलं असतं, यूपीआयचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

स्कॅन झालंच असेल तर पुढची स्क्रीन नीट वाचा. वर ज्याला पैसे जाणार त्याचं नाव असतं, मधे रक्कम, खाली "पे" किंवा "पैसे द्या". पिनच्या पानावरही कोणाला आणि किती पाठवताय हे लिहिलेलं असतं. भामटा नेमक्या याच वेळी फोनवर जोरजोरात बोलत राहतो, म्हणजे तुमचं वाचण्याकडे लक्ष जात नाही. फोन कट करा आणि ते पान मागे घ्या.

पूर्वी हेच काम पैसे मागण्याच्या विनंतीने, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्टने, व्हायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय बंद केली. व्यापाऱ्याच्या नावाने विनंती अजून येऊ शकते. तुम्ही काही विकत घेत नसाल तर ती नाकारा.

३. घेणारा स्वतःला फौजी सांगतो, ओळखपत्रही पाठवलंय. विश्वास ठेवावा का?

ओळखपत्राच्या फोटोवर ठेवू नका. वस्तू विकणाऱ्यांना गंडा घालण्याची ही सगळ्यात घासून गुळगुळीत झालेली पद्धत आहे. ती साधारण अशी चालते:

"सर, मैं आर्मी में हूँ, अभी पोस्टिंग पर हूँ। सामान पसंद है, रेट भी मंज़ूर है। मेरा आदमी गाड़ी लेकर आएगा, पेमेंट मैं अभी कर देता हूँ।"

मागोमाग गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कधी कँटीन कार्ड. हे बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या खऱ्या जवानाचे चोरलेले फोटो असतात. वस्तू न बघता होकार, किमतीवर घासाघीस नाही आणि पैसे देण्याची घाई, या तीन गोष्टी एकत्र आल्या की संशय घ्या. स्वतःच्या पैशाने जुनी वस्तू घेणारा माणूस चार प्रश्न विचारतो, दोनशे रुपये तरी कमी करायला सांगतो.

पुढे "आर्मीचं खातं आहे, आधी चाचणी करावी लागते" म्हणून ५ रुपयांचा कोड स्कॅन करायला सांगतात. ५ रुपये जातात आणि लगेच १० परत येतात. हे १० रुपये तो खरोखर पाठवतो, कारण त्यावर तुमचा विश्वास बसायला हवा असतो. पुढचा कोड ५,००० चा असतो, आणि त्याचं काही परत येत नाही.

सैन्यातले लोकही खरोखर वस्तू घेतात. त्यांनाही तोच नियम लावा: माणूस येऊन वस्तू बघेल आणि पैसे तुमच्या खात्यात दिसल्यावरच घेऊन जाईल.

४. "पैसे जमा झाले" असा मेसेज आलाय, त्याच्या फोनवर हिरवी खूणही दिसतेय. वस्तू देऊ का?

तुमच्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत नाही. हुबेहूब दिसणारी बनावट पेमेंट ॲप आहेत. त्यांत नाव आणि रक्कम भरली की "पेमेंट यशस्वी" असं पान येतं, आवाजही वाजतो. स्क्रीनशॉट बनवणं तर आणखी सोपं.

बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, त्याच्या पाठवणाऱ्याच्या जागी बँकेची अक्षरी ओळख असते. तरीही मेसेजवर भिस्त ठेवू नका. बँकेचं ॲप स्वतः उघडा, शिल्लक बघा आणि व्यवहारांच्या यादीत ती रक्कम शोधा. नेट नसेल तर खात्याला जोडलेल्या मोबाइलवरून बँकेच्या ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल देऊन शिल्लक कळते. तो नंबर आधीच फोनमध्ये साठवून ठेवा. घेणाऱ्याने दिलेल्या "कस्टमर केअर" नंबरवर चौकशी करू नका.

"आज रविवार आहे, पैसे उद्या दिसतील" हे कारण आता चालत नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू आहे. एनईएफटीला थोडा वेळ लागू शकतो, यूपीआयचा व्यवहार कधी प्रलंबित राहतो. तसं असेल तर दोघांनी बसून वाट बघायची. खऱ्या गिऱ्हाइकाला त्यात अपमान वाटत नाही.

५. "चुकून दहा हजार जास्त गेले, परत करा" असा फोन आलाय.

आधी प्रश्न ४ प्रमाणे खातं तपासा. बहुतेकदा काहीच आलेलं नसतं, नुसता बनावट मेसेज असतो.

रक्कम खरोखर आली असेल तरी स्वतः नव्या व्यवहाराने ती परत पाठवू नका. ते पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यातून चोरलेले असू शकतात. मग चोरीचा माल तुमच्या हातून पुढे गेला अशी नोंद होते. समोरच्याला सांगा, "तुमच्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार करा, माझ्या बँकेने विचारलं की मी संमती देतो." तुम्ही तुमच्या बँकेलाही लेखी कळवा आणि ती रक्कम खर्च करू नका.

६. पैसे घेण्यासाठी काय काय माहिती द्यावी?

यूपीआय आयडी, किंवा खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव. एवढ्यावरून कोणी पैसे काढू शकत नाही. कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचा सीव्हीव्ही आणि ओटीपी पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाहीत.

आधारची प्रत मागितली तर देऊ नका. कागदोपत्री खरंच गरज असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या आणि प्रतीवर कारण व तारीख लिहा. नेहमी विक्री करत असाल तर त्यासाठी कमी शिल्लक असलेलं वेगळं बचत खातं ठेवा आणि विक्रीचा यूपीआय आयडी त्यालाच जोडा. पगाराचं किंवा एफडी असलेलं खातं जाहिरातीच्या नंबरला जोडलेलं नसलेलंच बरं.

७. "ही लिंक उघडा", "हे ॲप टाका", "हा कोड डायल करा" असं सांगतात. यातलं काय चालेल?

यातलं काहीही नको. प्रत्येकात पैसे जाण्याची वाट वेगळी असते.

लिंकवर एखाद्या ओळखीच्या कंपनीसारखं पान येतं आणि "रक्कम मिळवण्यासाठी" कार्डाची माहिती मागतं. ती भरली की कार्डातून खरेदी होते. एनीडेस्क, टीमव्ह्युअर, क्विकसपोर्ट ही ॲप मुळात चांगल्या कामासाठी आहेत, पण त्यांचा कोड दिला की तुमची स्क्रीन त्याला दिसते आणि ओटीपीही. व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी डॉट एपीके असलेली फाइल सगळ्यात घातक. ती बसवली की तुमचे मेसेज परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात.

स्टारने सुरू होणारा, मधे कोणाचा तरी मोबाइल नंबर असलेला कोड डायल केला तर तुमचे कॉल त्या नंबरवर वळतात, आणि फोनवरून मिळणारा ओटीपी त्याला मिळतो. असा कोड चुकून डायल झाला असेल तर ##००२# डायल करा, सगळे वळवलेले कॉल बंद होतात.

"तुम्ही खरे विक्रेते आहात ना, खात्रीसाठी आलेले सहा आकडे सांगा" हा वेगळा प्रकार. ते आकडे तुमच्या व्हॉट्सॲपचे असतात. सांगितले की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होतं, आणि तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच सुरू करा.

८. रक्कम मोठी असेल तर रोख घ्यावी, चेक घ्यावा की ऑनलाइन?

समोर बसून आयएमपीएस, आरटीजीएस किंवा यूपीआय. साधारण व्यवहारांत यूपीआयची मर्यादा दिवसाला १ लाख आहे, आरटीजीएस २ लाखांपासून पुढे. घेणाऱ्याने नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिले चोवीस तास मर्यादा बरीच कमी असते, म्हणून हे आधी विचारून घ्या.

रोख घेताना दोन गोष्टी पाहा. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, होतो, तोही तेवढ्याच रकमेइतका. दुसरं, बनावट नोटा. व्यवहार बँकेच्या शाखेत किंवा पैसे भरण्याच्या मशीनजवळ करा आणि रक्कम लगेच खात्यात भरून टाका.

चेकवर वस्तू देऊ नका. चेक भरल्याची पावती म्हणजे पैसे आले असं होत नाही. खात्यात जमा दिसलेली रक्कमही चेक न वटल्यास परत वजा होते. डिमांड ड्राफ्टही बनावट निघतात. घ्यायचाच असेल तर घेणाऱ्याबरोबर त्याच्या शाखेत जाऊन, तिथे काढलेला घ्या.

९. गिऱ्हाईक वस्तू बघायला येणार आहे. कुठे बोलवावं?

दिवसा, माणसांची वर्दळ आणि सीसीटीव्ही असलेल्या जागी. बँकेची शाखा उत्तम, कारण तिथेच खातं तपासता येतं. घराचा पूर्ण पत्ता जाहिरातीत टाकू नका, फक्त परिसर लिहा. फ्रीज, वॉशिंग मशीन, मोटर अशा जड वस्तूसाठी घरी बोलवावंच लागतं. तेव्हा घरात दुसरं माणूस असू द्या, आणि वस्तू दाराजवळ किंवा पार्किंगमध्ये आणून ठेवा.

गिऱ्हाइकाच्या नंबरवर व्हॉट्सॲप कॉलऐवजी साधा कॉल एकदा तरी करा. आयत्या वेळी "मी येत नाही, टेम्पोवाला येतोय, त्याच्याकडे द्या" असं आलं तर पैसे आधी, टेम्पो नंतर.

१०. घेणारा दुसऱ्या शहरात आहे. कुरिअरने पाठवता येईल का?

येईल, पण पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर. "अर्धे आता, अर्धे मिळाल्यावर" यातले दुसरे अर्धे सहसा येत नाहीत.

उलट बाजूनेही सापळा असतो. "आमच्या कुरिअरचा माणूस येऊन पैसे देईल, तुम्ही फक्त विम्याचे १,२०० रुपये भरा, ते परत मिळतील." विकणाऱ्याने कुरिअरला पैसे आगाऊ भरायचे आणि तेही घेणाऱ्याने सांगितलेल्या खात्यात, असा व्यवहार खरा नसतो. कुरिअर तुम्ही निवडा.

पॅक करताना एकच सलग व्हिडिओ काढा: वस्तू चालू स्थितीत, मग सीरियल नंबर जवळून, मग खोक्यात ठेवणं, टेप, आणि शेवटी चिकटवलेला पत्ता. पावतीवर वजन आणि जाहीर किंमत लिहून घ्या. "खोक्यात दगड निघाले" असा दावा आला तर वजनाचा आकडा फार उपयोगी पडतो. लिथियम बॅटरी असेल तर आधी सांगा. लपवलेली बॅटरी सापडली तर पार्सल अडकतं.

११. मोबाइल किंवा लॅपटॉप विकण्याआधी काय करावं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप, मग बँकेच्या आणि यूपीआय ॲपमधून खातं काढणं, मग गूगल किंवा ॲपल खात्यातून साइन आउट, आणि सगळ्यात शेवटी फॅक्टरी रीसेट. साइन आउट न करता रीसेट केलं तर फोन नव्या मालकाकडे कुलूपबंद होतो, आणि मग "फक्त लॉगिन करून द्या" म्हणून तुमचा पासवर्ड मागतात. आयफोनमध्ये फाइंड माय (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद झालं का, हे खास बघा. सिम, मेमरी कार्ड काढा, ई-सिम असेल तर तेही.

*#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. लॅपटॉपवर विंडोज रीसेट करताना "सर्व काढून टाका" आणि त्यातला ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्याय निवडा. कामाची फारच गोपनीय माहिती असेल तर ड्राइव्ह काढून ठेवा आणि तेवढी किंमत कमी करा.

१२. वस्तू नेली, दोन दिवसांनी "बिघडलेली दिली" म्हणत परत करतो. पण परत आणलेली वस्तू माझी वाटत नाही!

चांगली लेन्स, रॅम किंवा बॅटरी काढून आपली खराब बसवायची आणि पैसे परत मागायचे, असा हा प्रकार आहे. बचाव विक्रीच्या दिवशीच करावा लागतो. मुख्य भागांचे सीरियल नंबर फोटोसह नोंदवा, नंबर नसेल तिथे आतल्या बाजूला बारीक खूण करा, आणि समोर चालवून दाखवताना व्हिडिओ घ्या.

मग दोन प्रतींत विक्री पावती करा. मजकूर एवढा पुरे: "मी, अमुक, माझ्या मालकीचा अमुक कंपनीचा कॅमेरा, सीरियल नंबर अमुक, श्री. अमुक यांना आज तारीख अमुक रोजी रुपये २२,००० ला विकला. घेणाऱ्याने वस्तू चालवून पाहिली असून आहे त्या स्थितीत स्वीकारली. रक्कम यूपीआयने मिळाली, व्यवहार क्रमांक अमुक." दोघांच्या सह्या आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो घ्या. रोख रक्कम ५,००० च्या वर असेल तर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करा. माहीत असलेला दोष पावतीत लिहा. ते प्रामाणिकपणाचं आहे, आणि पुढच्या वादात तुमच्याच बाजूने उभं राहतं.

१३. दुचाकी विकतोय. वेगळी काय काळजी घ्यावी?

"एक चक्कर मारून येतो" म्हणून गेलेला परत येत नाही, हा पहिला धोका. मागे बसा. त्याने ठेवलेली त्याची गाडी तारण समजू नका, तीच चोरीची असू शकते. मूळ आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) पैसे येईपर्यंत तुमच्याकडे.

दुसरा धोका नंतर येतो. नाव बदललं नाही तर अपघाताची भरपाई आणि ई-चलान तुमच्याच नावावर येतात. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक मानला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालकी बदलाचे फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३० भरून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका. विक्री राज्यातच असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पुण्याची गाडी गोव्याच्या माणसाला विकत असाल तर फॉर्म २८ ने ना हरकत घ्यावी लागते. कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५.

१४. वस्तू रीतसर विकली, पैसे आले, आणि आठवड्याने माझंच खातं गोठवलं. का?

घेणाऱ्याने दिलेले पैसे दुसऱ्या कोणाला फसवून मिळवलेले होते, आणि त्या माणसाने तक्रार केली. पोलीस पैशाच्या वाटेवरची खाती थांबवतात, त्यात तुमचं आलं. आदेश बऱ्याचदा परराज्यातून येतो.

बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं, आणि किती रक्कम रोखली आहे. पूर्ण खातं थांबवलं असेल तर वादातली रक्कम सोडून बाकी मोकळं करण्याची विनंती करा. मग तपास अधिकाऱ्याला जाहिरात, चॅट, विक्री पावती आणि वस्तूचं मूळ बिल ईमेलने पाठवा. प्रश्न १२ मधली पावती सगळ्यात जास्त इथेच कामाला येते. आधीची काळजी एकच: पैसे घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच घ्या. "मित्राच्या खात्यातून टाकतो" म्हणाला तर नकार द्या.

१५. पैसे गेले. आत्ता, या मिनिटाला काय करू?

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जवळ ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केल्यावर दिसतो. ही घाई अशासाठी की गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएमपर्यंत भराभर सरकतात. मधे कुठेतरी असतानाच ते रोखता येतात.

फोन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरा. त्याच वेळी बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड बंद करा. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं असेल तर आधी फोनचं नेट बंद करा, आणि हे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. ऑटोपेच्या यादीत अनोळखी परवानगी दिसली तर रद्द करा.

चॅट पुसू नका, भामट्याला ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. दोन दिवसांनी "तुमचे पैसे सोडवून देतो, फी भरा" असा फोन आला तर तीही फसवणूकच.

१६. बँक म्हणते, "पिन तुम्हीच टाकला, आम्ही काही करू शकत नाही." पुढे काय?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मिळणारं संरक्षण त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. त्रयस्थाकडून झालेल्या अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. स्वतः पिन टाकलेल्या व्यवहारात हा हक्क सहसा लागू होत नाही, हे खरं आहे. पण तुम्ही कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ लेखी असणं फार महत्त्वाचं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. माहितीसाठी १४४४८. मधल्या खात्यात रोखलेली रक्कम असेल तर ती परत मिळू शकते, बऱ्याचदा न्यायालयाच्या आदेशाने. त्यासाठी १९३० कडून मिळालेला पोचक्रमांक जपून ठेवा.

१७. वस्तू गेली, पैसे आलेच नाहीत. पोलीस म्हणतात हा दिवाणी मामला आहे.

बनावट पेमेंट दाखवून वस्तू नेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. दुसऱ्याचं नाव किंवा ओळखपत्र वापरून ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड सुद्धा लागतं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. घटना कुठल्या हद्दीत घडली यावरून परत पाठवू लागले तर झिरो एफआयआरची मागणी करा. ती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ठाण्यात घेतच नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना टपालाने पाठवा आणि पोच ठेवा.

फक्त "पैसे नंतर देतो" म्हणून नेलं आणि दिले नाहीत, तर मात्र ते बहुधा उधारीतच मोडतं, आणि वसुलीसाठी वकिलाची नोटीस पाठवावी लागते. वस्तू मोबाइल असेल तर तक्रारीची प्रत आणि बिल घेऊन संचार साथी पोर्टलवर आयएमईआय बंद करण्याचा अर्ज करा. प्रश्न ११ मध्ये लिहून ठेवलेला नंबर इथे लागेल.